उपवासात उघडी पडणारी गाठ : इन्सुलिनोमा आणि रक्तशर्करेच्या सांभाळाचा इतिहास

मुंबईच्या पश्चिम उपनगरांत, वांद्रे आणि जुहू यांच्या मध्ये समुद्राला लागून असलेल्या खारदांड्याच्या कोळीवाड्यात मासळी साफ करणाऱ्या हातांना माशाच्या पोटातील काळीज, पित्त, गाभोळी हे सारे नीट ठाऊक असते. मात्र हाडे असलेल्या कित्येक माशांच्या पोटात, पित्ताशय आणि आतडी यांच्या आसपासच्या पातळ पडद्यात, आणखी एक लहानसा फिकट गोळा असतो, जो आतड्यांबरोबर टाकून दिला जातो आणि ज्याची दखल घेण्याचे स्वयंपाकात काही कारणही नसते. वैद्यकाने मात्र ती घेतली. माणसाच्या स्वादुपिंडात, म्हणजे जठराच्या मागे आडव्या पसरलेल्या ग्रंथीत, पाचकरस बनवणाऱ्या पेशींच्या गर्दीत इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे सूक्ष्म पुंजके विखुरलेले असतात. बर्लिनमध्ये शिकत असलेल्या पॉल लँगरहान्सने १८६९ साली त्यांचे वर्णन केले आणि पुढे त्या पुंजक्यांना त्याच्याच नावाची बेटे म्हटले जाऊ लागले. हाडांच्या माशांत हीच बेटे पाचकग्रंथीपासून सुटी होऊन एका गोळ्यात एकवटलेली असतात, तर मुशी आणि पाकट यांसारख्या कूर्चेच्या सांगाड्याच्या माशांत ती माणसाप्रमाणे ग्रंथीतच मिसळलेली असतात. टोरंटोच्या जॉन मॅक्लिऑड या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९२२ च्या उन्हाळ्यात कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर या दोन्ही प्रकारच्या माशांवर प्रयोग केले, आणि हाडांच्या माशांत सुट्या गोळ्याच्या अर्काने रक्तातील साखर उतरते पण उरलेल्या ग्रंथीच्या अर्काने उतरत नाही, हे दाखवून इन्सुलिन बेटांतूनच येते या तर्काला प्रत्यक्ष पुरावा दिला.

इन्सुलिन ज्या वर्षी औषध म्हणून माणसाला मिळाले, त्याच वर्षी ते जास्त झाले तर काय होते हेही कळले होते, आणि या इतिहासाची खरी सुरुवात तिथे आहे. टोरंटोत जेम्स कॉलिप अर्क शुद्ध करत असताना तो सशांना टोचून पाहत असे. मात्रा जास्त झाली की ससे झटके येऊन कोसळत आणि ग्लुकोज टोचले की काही क्षणांत उठून बसत. औषधाचे पहिले माप या सशांवरूनच ठरले, कारण सशाची रक्तशर्करा झटक्याच्या पातळीपर्यंत उतरवणारी मात्रा म्हणजे एक एकक, अशी सुरुवातीची व्याख्या होती. रोगाचे चित्र आणि त्यावरचा उतारा दोन्ही अशा रीतीने प्रयोगशाळेत तयार होते; तोच प्रकार इन्सुलिन कधीही न टोचलेल्या माणसात घडू शकतो, ही कल्पना तेवढी बाकी होती. मॉन्ट्रियलच्या अल्बर्ट निकोल्स या विकृतिशास्त्रज्ञाने बेटांच्या पेशींची एक साधी गाठ १९०२ सालीच शवविच्छेदनात पाहून नोंदवली होती, परंतु इन्सुलिनच अज्ञात असताना त्या गाठीचे रुग्णाच्या जिवंतपणीच्या त्रासाशी नाते जोडणे अशक्य होते.

ते नाते जोडण्याचे श्रेय अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या सील हॅरिस या वैद्याकडे जाते. इन्सुलिनची मात्रा जास्त झालेल्या मधुमेही रुग्णांना दरदरून घाम, कंप, भूक, गोंधळ होतो हे पाहिल्यावर, अगदी तीच लक्षणे मधुमेह नसलेल्या आपल्या काही रुग्णांतही दिसत आल्याचे त्याच्या ध्यानात आले, आणि १९२४ साली त्याने स्वादुपिंडच जरुरीपेक्षा जास्त इन्सुलिन सोडत असावे असे प्रतिपादन केले. हॅरिसच्या सगळ्याच रुग्णांना हा आजार होता असे आज कोणी म्हणणार नाही; तरीही तर्क मूळ ठिकाणी जाऊन पोहोचला होता.

पुरावा मिळाला तो मिनेसोटातील मेयो क्लिनिकमध्ये, आणि तो एका डॉक्टरच्याच शरीरातून. हा शल्यचिकित्सक वारंवार बेशुद्धीच्या कडेला जात असे आणि सतत साखर घेत राहिल्यानेच भानावर असे. १९२६ साली विल्यम मेयो यांनी त्याचे पोट उघडले, तेव्हा स्वादुपिंडात कर्करोगाची गाठ होती आणि ती यकृतात पसरलेली होती, त्यामुळे काढण्याजोगे काही उरले नव्हते. रुग्ण थोड्याच काळात दगावला. रसेल वाइल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२७ मध्ये हा रुग्ण नोंदवताना यकृतातील गाठींचा अर्क सशांना टोचला, तर त्यांची साखर इन्सुलिन दिल्यासारखी उतरली. स्वादुपिंडाबाहेर, यकृतात जाऊन बसलेल्या पेशीही इन्सुलिनच बनवत होत्या. या इतिहासात पुढे येणारे मुंबईतील परळचे के.ई.एम. रुग्णालय आणि सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले तेही त्या शस्त्रक्रियेच्याच १९२६ साली.

टोरंटोत १९२९ साली रॉस्को ग्रॅहम या शल्यविशारदाने एका स्त्रीच्या स्वादुपिंडातून अशी गाठ काढली आणि तिचे झटके थांबले. इन्सुलिनोमा, म्हणजे इन्सुलिन स्रवणारी गाठ, काढून रुग्ण बरा झाल्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते. त्या वृत्तान्ताच्या लेखकांत वॉल्टर कॅम्बेल यांचे नाव आहे, आणि हेच कॅम्बेल १९२२ च्या जानेवारीत टोरंटो जनरल रुग्णालयात लिओनार्ड थॉम्प्सन या मुलाला इतिहासातील पहिले इन्सुलिन दिले गेले तेव्हा त्याच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी होते. इन्सुलिनअभावी मरणारा रुग्ण आणि इन्सुलिनच्या अतिरेकाने कोसळणारा रुग्ण, दोघेही सुमारे सात वर्षांच्या अंतराने एकाच वैद्याच्या हाताखालून गेले.

या यशानंतर मात्र एक अनिष्ट घाई सुरू झाली. घाम, चक्कर, थकवा, छातीत धडधड ही लक्षणे चिंतेपासून अशक्तपणापर्यंत शेकडो कारणांनी होतात, आणि अशा अनेक माणसांची पोटे गाठीच्या शोधात विनाकारण उघडली गेली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया-प्रेस्बिटेरियन रुग्णालयातील अ‍ॅलन व्हिपल यांनी विकृतिशास्त्रज्ञ व्हर्जिनिया फ्रँट्झ यांच्यासह १९३५ मध्ये अशा गाठींवर लेख लिहिला आणि पुढे १९३८ पर्यंत तीन अटी पक्क्या केल्या : लक्षणे उपाशीपोटी यावीत, त्या वेळी रक्तशर्करा दर डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या खाली असावी, आणि साखर देताच लक्षणे जावीत. तिन्ही अटी पुऱ्या होत नसतील तर चाकू उचलू नये, असा त्यांचा दंडक होता. व्हिपल यांचे नाव आज स्वादुपिंडाच्या डोक्याकडचा भाग काढण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेमुळे अधिक घेतले जाते. या तीन ओळींच्या शिस्तीने वाचवलेली पोटे मात्र कोणी मोजलेली नाहीत.

तीन अटींपैकी तिसरीत या आजाराचा सारा पेच दडलेला आहे. साखर दिली की रुग्ण बरा दिसतो, आणि बरा दिसला की आजार झाकला जातो. रुग्णाचे शरीर हे लवकर शिकते : पहाटे उठून चार घास खाल्ले तर डोके ठिकाणावर राहते, म्हणून तो खात राहतो, वजन वाढते, आणि वाढते वजन पाहून घरचे त्याला खाणे कमी करायला सांगतात. गाठ हळूहळू वाढते तसे घामाचे व धडधडीचे इशारे बोथट होतात, कारण वारंवार उतरलेल्या साखरेला शरीर सरावते, आणि मग इशाऱ्याविना एकदम मेंदूचीच लक्षणे दिसतात : असंबद्ध बोलणे, विचित्र वागणे, दोन दिसणे, झटका, बेशुद्धी. अशा रुग्णावर जगभर फेफऱ्याचा, वेडाचा, दारूच्या नशेचा शिक्का बसत आला आहे. फिटच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू राहतात आणि पहाटेची रक्तशर्करा तेवढी कोणी मोजत नाही. पहाटे उपाशीपोटी बंदरावर जाणाऱ्या, पाट्या उचलून बाजार गाठणाऱ्या कोळीवाड्यातील माणसाला असा आजार जडला, तर तो रात्रीच्या लांब उपवासानंतरच्या कष्टाच्या त्या तासांतच प्रथम डोके वर काढील.

निरोगी माणूस उपाशी राहिला तर बेशुद्ध का होत नाही, हे इथे सांगितले पाहिजे. अन्न थांबले की इन्सुलिनचा स्राव घटतो, यकृत आपल्याकडील साठवलेली साखर म्हणजे ग्लायकोजेन मोडून रक्तात सोडते, पुढे नवी साखर तयार करते, आणि चरबीतून कीटोन नावाची द्रव्ये बनतात जी मेंदूला पर्यायी इंधन म्हणून चालतात. इन्सुलिनोमाची गाठ या संकेतांना जुमानत नाही. साखर उतरली तरी ती इन्सुलिन सोडतच राहते, आणि त्या इन्सुलिनमुळे यकृताची साखर कोंडली जाते, कीटोनही बनत नाहीत, म्हणजे मेंदूची दोन्ही इंधने एकाच वेळी तुटतात.

म्हणूनच निदानाची कसोटी ठरली ती रुग्णाला देखरेखीखाली उपाशी ठेवण्याची. मेयो क्लिनिकने रूढ केलेली ही चाचणी ७२ तासांपर्यंत चालते. रुग्णाला पाणी आणि साखरविरहित पेय चालते, ठरावीक वेळाने रक्त घेतले जाते, आणि लक्षणे येऊन साखर उतरली की चाचणी तिथेच थांबवून ग्लुकोज दिले जाते. बहुतेक रुग्ण ४८ तासांच्या आत उघडे पडतात. एकादशी आणि चतुर्थीच्या घरांत वाढलेल्या रुग्णाला उपवास हा शब्द नवा नसतो, पण साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा किस म्हणजे निव्वळ पिष्ट, आणि पिष्ट म्हणजे साखरच. तेव्हा आपल्याकडचा फराळी उपवास या गाठीला पकडणे दूरच, उलट तिला उत्तम आडोसा देईल.

उपवासात साखर उतरली एवढ्याने मात्र इन्सुलिनचाच दोष सिद्ध होत नव्हता, कारण रक्तातील इन्सुलिन अत्यल्प असते आणि ते मोजण्याची सोयच नव्हती. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधील माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझालिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५९-६० मध्ये रेडिओइम्युनोअ‍ॅसे ही पद्धत काढली, ज्यात किरणोत्सारी खूण केलेले इन्सुलिन आणि रुग्णाच्या रक्तातील साधे इन्सुलिन हे दोन्ही मोजक्या प्रतिपिंडांवर जागा मिळवण्यासाठी झगडतात आणि खूण केलेले किती बाजूला पडले यावरून दुसऱ्याचे प्रमाण काढता येते. बर्सन १९७२ मध्ये वारले, त्यामुळे १९७७ चे नोबेल पारितोषिक त्या दोघांपैकी एकट्या यालो यांच्या वाट्याला आले.

पुढचा धागा तर गाठीनेच हाती दिला. शिकागोचे डोनाल्ड स्टायनर यांनी १९६७ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या एका इन्सुलिनोमाचे काप प्रयोगशाळेत जिवंत ठेवून त्यांत इन्सुलिन कसे घडते ते पाहिले आणि पेशी आधी एक लांब पूर्वरूप बनवते, मग त्यातून मधला तुकडा कापून इन्सुलिन मोकळे करते, असे दाखवले. हा मधला तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड. स्वतःचे स्वादुपिंड इन्सुलिन सोडते तेव्हा सी-पेप्टाइडही तेवढेच सुटते. बाजारातल्या इन्सुलिनच्या कुपीत मात्र ते नसते. त्यामुळे कोणी लपूनछपून इन्सुलिन टोचून घेत असेल तर इन्सुलिन चढलेले आणि सी-पेप्टाइड दबलेले दिसते. आज निदानासाठी उपवासात साखर ५५ मिलिग्रॅमच्या खाली असताना इन्सुलिन किमान ३ सूक्ष्म-एकके प्रति मिलिलिटर आणि सी-पेप्टाइड किमान ०.६ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असावे, असे मानतात. शिवाय मधुमेहाच्या काही गोळ्यांनीही हुबेहूब असेच चित्र होत असल्याने त्यांचा अंश रक्तात नाही ना, हे तपासतात.

निदान झाले तरी गाठ सापडून निघेपर्यंत रुग्णाला जगवायचे असते, आणि हे काम दिसते तितके सोपे नाही. शुद्धीवर असलेल्याला १५ ते २० ग्रॅम ग्लुकोज किंवा साखरेचे पाणी द्यावे आणि लक्षणे गेली तरी पाठोपाठ पोळी, भात, दूध असे टिकाऊ काही खायला घालावे, कारण नुसती साखर काही मिनिटांची सोबत करते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला शिरेतून डेक्स्ट्रोज द्यावे लागते आणि मग १० टक्क्यांच्या डेक्स्ट्रोजचे सलाइन चालू ठेवावे लागते. ग्लुकागॉन हे यकृतातील साखर मोकळी करणारे संप्रेरक या रुग्णांत चांगले लागू पडते, कारण इन्सुलिनने यकृतात ग्लायकोजेन दाबून ठेवलेलेच असते. पण ते बेटांच्या पेशींनाही चेतवते, त्यामुळे चढलेली साखर तासा-दोन तासांनी पुन्हा घसरू शकते आणि रुग्णाला सोडून जाता येत नाही. रात्रीचा प्रश्न सर्वांत अवघड. त्यासाठी न शिजवलेल्या मक्याच्या पिठाचा, म्हणजे घरातल्या कॉर्नफ्लॉवरचा, उपाय ग्लायकोजेन साठवणीच्या जन्मजात विकारांच्या मुलांवरून आला, जिथे तो १९८४ मध्ये यशस्वी ठरला होता : गार पाण्यात किंवा दुधात कालवलेले हे कच्चे पीठ आतड्यात सावकाश मोडते आणि काही तास साखर पुरवते, शिजवले की हा गुण जातो. पहाटे दोन-तीनला गजर लावून खाणे, खिशात ग्लुकोज ठेवणे, एकट्याने वाहन न चालवणे, आणि कोळ्याच्या बाबतीत एकट्याने होडी घेऊन न जाणे, हेही उपचाराचेच भाग होत. घरच्या माणसाला यातले सगळे समजावलेले नसेल तर औषधाच्या चिठ्ठीला फारसा अर्थ राहत नाही.

औषधांपैकी सर्वांत जुने डायझॉक्साइड हे रक्तदाबासाठी बनवलेले होते. त्याने रुग्णांची साखर चढते हा त्याचा दोष ठरला होता. १९६४ पासून तोच दोष लहान मुलांतील व पुढे इन्सुलिनोमातील उतरत्या साखरेवर गुण म्हणून वापरला गेला. ते बेटांच्या पेशींवरील पोटॅशियमची दारे उघडी ठेवते, त्यामुळे पेशीला स्राव सोडण्याचा इशाराच मिळत नाही. अंगावर सूज आणि नको तिथे केस हा त्याचा जाच आहे, म्हणून बहुधा लघवी वाढवणारी गोळी जोडीला देतात. सँडोझ कंपनीत घडवलेले ऑक्ट्रिओटाइड हे सोमॅटोस्टॅटिन या नैसर्गिक स्रावरोधकाचे टिकाऊ रूप. पण गाठीवर त्याचे ग्राहक, म्हणजे ते जिथे जाऊन बसते ती प्रथिने, नसतील तर ते गाठीला सोडून ग्लुकागॉनलाच दाबते आणि साखर आणखी पाडते, म्हणून पहिली मात्रा रुग्णालयातच द्यावी असा संकेत आहे. पसरलेल्या गाठीत एव्हरोलिमस साखर सावरू शकते, हे २००९ मध्ये चार रुग्णांच्या वृत्तान्ताने पुढे आले.

पसरलेल्या गाठी सोडल्या तर या औषधांचा हेतू शस्त्रक्रियेपर्यंतची वाट निभावणे हा होता, कारण दहांतील नऊ गाठी साध्या, एकट्या आणि दोन सेंटिमीटरहून लहान असतात आणि त्या निघाल्या की आजार संपतो. अडचण अशी की लहान असल्यामुळेच त्या सापडत नसत. एके काळी गाठ हाताला लागली नाही तर स्वादुपिंडाची शेपटीकडची बाजू अंदाजाने कापून टाकली जाई, आणि गाठ डोक्याकडे राहून गेली तर रुग्ण अर्धे स्वादुपिंड गमावून पूर्वीसारखेच झटके घेऊन घरी जाई. ही प्रथा थांबली हे बरेच झाले. अमेरिकेत जॉन डॉपमन यांनी १९९१ मध्ये स्वादुपिंडाच्या एकेका धमनीत कॅल्शियम सोडून यकृताच्या शिरेत इन्सुलिन कधी उसळते ते मोजण्याची युक्ती मांडली, ज्यायोगे गाठ दिसली नाही तरी तिचा मोहल्ला कळे. पोटात उतरवलेल्या दुर्बिणीची सोनोग्राफी आणि शस्त्रक्रियेच्या वेळी स्वादुपिंडावर ठेवलेली सोनोग्राफी यांनी उरलेले बरेच काम केले. २००८ मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी गिला मॉन्स्टर या अमेरिकी सरड्याच्या लाळेत सापडलेल्या एक्सेंडिन रेणूला किरणोत्सारी खूण जोडून लपलेल्या गाठी चित्रात पकडल्या. या तपासातील गंमत आणि धोका एकच आहे : एक्सेंडिन गाठीला जाऊन चिकटते तेव्हा तिला चेतवतेही, म्हणून चित्रण चालू असताना रुग्णाला ग्लुकोजचे सलाइन लावून ठेवावे लागते. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील अंतःस्राव विभागाच्या संशोधकांनी अशा चित्रणावरील प्रसिद्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये प्रकाशित केला आहे.

खारदांड्याहून परळ फार लांब नाही, आणि या इतिहासाचा मुंबईतील मुख्य भाग परळ आणि तुर्भे यांच्या दरम्यान घडला. १९४१ साली सुरू झालेले टाटा मेमोरियल रुग्णालय के.ई.एम.च्या समोरच आहे, आणि तिथल्याच परिसरात अणुऊर्जा खात्याने १९६३ मध्ये विकिरण औषध केंद्र स्थापन केले, जिथे किरणोत्सारी द्रव्यांनी निदान व उपचार करण्याचे शास्त्र रुजले. यालो-बर्सन पद्धतीच्या तपासण्यांचे संच देशात तयार करून रुग्णालयांना पुरवण्याचे कामही अणुऊर्जा खात्याच्या संस्थांनी केले. पुढे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील, १९८५ मध्ये सुरू झालेल्या ध्रुव अणुभट्टीत ल्युटेशियम-१७७ हे समस्थानिक तयार होऊ लागले. सोमॅटोस्टॅटिनसारख्या रेणूला ते जोडून शिरेतून दिले की त्या रेणूचे ग्राहक असलेल्या गाठीपर्यंत ते पोहोचते आणि फार तर दोन मिलिमीटर अंतर जाणाऱ्या किरणांनी आतून तिला जाळते. त्याचा अर्धायुकाल सुमारे साडेसहा दिवसांचा असल्याने तुर्भ्याहून परळपर्यंतचा प्रवास त्याला सहज झेपतो. सौम्य इन्सुलिनोमावर एक्सेंडिनचे ग्राहक भरपूर आणि सोमॅटोस्टॅटिनचे कमी असतात, तर पसरलेल्या घातक गाठीत बहुधा याच्या उलट. म्हणून एक्सेंडिन शोधायला आणि ल्युटेशियम जाळायला, अशी कामांची वाटणी आपोआप झाली.

शस्त्रक्रियेच्या दिवशीही साखरेचा हिशेब सुटत नाही. इतर रुग्णांना मध्यरात्रीपासून उपाशी ठेवतात तसे इन्सुलिनोमाच्या रुग्णाला ठेवले तर तो पहाटेच कोसळेल, म्हणून आदल्या रात्रीपासून डेक्स्ट्रोज चालू असते, आणि भूल दिल्यावर लक्षणे दिसणारच नसल्याने दर पंधरा ते तीस मिनिटांनी साखर मोजावी लागते. गाठ निघाली की साखर चढू लागते, कारण वर्षानुवर्षे दबलेली निरोगी बेटे लगेच जागी होत नाहीत. काही रुग्णांना त्या थोड्या दिवसांत चक्क इन्सुलिन टोचावे लागते. ज्यांची गाठ पसरलेली आहे त्यांची गोष्ट वेगळी : ल्युटेशियमच्या मात्रा काही आठवड्यांच्या अंतराने दिल्या जातात आणि त्यांचा परिणाम दिसायलाही आठवडे लागतात, तोवर डायझॉक्साइड, रात्रीचे मक्याचे पीठ आणि पहाटेचा गजर चालूच राहतो. दंडावर चिकटवायचे, साखर सतत दाखवणारे यंत्र हल्ली झोपेत गजर देते, परंतु साखर जितकी खाली जाते तितका त्याचा आकडा कमी भरवशाचा होतो, म्हणून गजर झाल्यावर बोट टोचून खात्री करून घेण्यास सांगितले जाते.